तांबड्या गाईचं गवत

"टिल्मन आजोबा, सगळं गाव म्हणतं, तुमचे वडील आळशी होते म्हणून ही जमीन नांगरायची राहून गेली. खरं आहे का हो?"

लेस्याने धाडकन विचारून टाकलं आणि मागे उभ्या असलेल्या ब्रिन आणि मॅकेनाने एकमेकींचे दंड घट्ट धरले. पैज त्यांचीच होती. पाहुण्यांच्या देखत विचारून दाखव, मग ब्रिनच्या आजीच्या हातचा बेरीचा अख्खा केक तुझा. मागच्या वर्षीची लेस्या असती तर बसमधून खालीसुद्धा उतरली नसती. वर्गात नाव पुकारलं की जी बाकाखाली वाकायची, ती ही. पण या जूनपासून गावच्या संग्रहालयाची मार्गदर्शक म्हणून तिच्या छातीवर नावाची पट्टी लागली होती, आणि ती लागल्यापासून तिच्या तोंडाला कुलूपच उरलं नव्हतं.

शाळेच्या पिवळ्या बसमधून आलेले चौदा पाहुणे आजोबांकडे वळले. जर्मनीहून आलेल्या बाईंनी कॅमेरा खाली घेतला. वारा तेवढा चालू होता. कॅनडातल्या या सस्कॅचेवानात तो कधी थांबतो? एकशे साठ एकरांचं गवत त्याच्याबरोबर वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं.

टिल्मन स्कालरूड एक्याण्णव वर्षांचे. घडीच्या खुर्चीत, त्या मोठ्या दगडाला पाठ टेकून बसलेले. दगड लेस्याच्या खांद्याइतका उंच आणि कडांना काचेसारखा गुळगुळीत. हजारो वर्षं रानरेडे त्यावर अंग घासत आले, त्यांच्या खुरांनी दगडाभोवती पडलेली चर अजून बुजली नव्हती.

"आळशी?" आजोबांनी टोपी मागे सरकवली. "अगं, महाआळशी! तीन तुकडे नांगरले आणि चौथ्याला म्हणाले, इथे दगड फार, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. चहाच्या दुकानात लोक त्यांना विचारायचे, काय ओले स्कालरूड, गवताने बाळसं धरलंय ना?"

सगळे हसले. लेस्याने मागे वळून बोटांनीच केक कापून दाखवला.

"पण तू विचारलंसच आहे तर ऐक," आजोबा म्हणाले. "सदतीस साल, दुष्काळाचं. मी तीन वर्षांचा. मला आठवतात ती खिडक्यांवर टांगलेली ओली फडकी. आणि पालथी ताटं. आई ताटं पालथी मांडायची, जेवण वाढायच्या क्षणाला सुलटी करायची, नाहीतर घासागणिक माती. नांगरलेली सगळी जमीन उडून गेली होती, पोरी. कुंपणं मातीत गाडली गेली होती, गाई काटेरी झुडपं चघळत होत्या. आणि हे गवत? वाळलं होतं, पण जागचं हललं नाही. वर दिसतं त्यापेक्षा याची मुळं कितीतरी खोल."

"मग?" मॅकेना पुढे सरकली होती. पैजेचं ती विसरूनच गेली.

"मग माझ्या आळशी बापाने फाटक उघडलं. प्रत्येक घराची एक गाय, म्हणाला, जास्त नको, गवताला पेलणार नाही. एकोणीस गाई आल्या. त्यांतली एक तांबडी, एक शिंग वाकडं. पावलिशिनांची."

लेस्याचा हात आपोआप नावाच्या पट्टीवर गेला. लेस्या पावलिशिन.

"तुझे पणजोबा मिखायलो यांनी गाडी भरून ठेवली होती. उत्तरेला जायचं, सकाळी निघायचं. घरात तीन पोरं, दूध नाही. गाय इथे आली आणि आठवड्याभरात पुन्हा दूध देऊ लागली. गाडी उतरवली. त्या तिघांतला सगळ्यात लहान तो तुझा आजोबा."

"मला कुणी सांगितलं नाही," लेस्या म्हणाली. तिचा आवाज आता मार्गदर्शकाचा राहिला नव्हता.

"सांगितलं नाही? अगं, दरवर्षी तूच तर वाडगा घेऊन येतेस."

आणि लेस्याला एकदम सगळं उमजलं. सहा जानेवारी, त्यांच्या युक्रेनी नाताळची आदली संध्याकाळ. बाहेर उणे तीस. शिजवलेला गहू, मध आणि खसखस यांनी भरलेला पहिला वाडगा घरात कुणी चाखायच्या आत स्कालरूडांकडे पोचवायचा. तोंडावर गुंडाळलेल्या मफलरमागे ती दरवर्षी कुरकुर करत जायची. का नेतो, असं तिने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, म्हातारा एकटा आहे ना. पण तिचे स्वतःचे आजोबा असताना तेही नेत, तेव्हा तर टिल्मन आजोबांचं घर भरलेलं होतं! नेण्याचं चालू राहिलं आणि कारण मात्र वाटेत कुठेतरी गळून पडलं.

"आणि आमचेच उपकार मानू नकोस हं," आजोबांनी काठीने टेकडी दाखवली. तिथे गवतात दगडांची गोल कडी होती, कुणाच्या तरी तंबूंच्या कडा दाबून धरणारी. "आमच्या आधी इथले मूळ लोक याच्यावर जगले. त्यांच्याआधी रानरेडे. आम्ही फक्त फाटक उघडलं."

बसकडे जाताना लेस्या मागे रेंगाळली.

"आजोबा, बाबांनी तुम्हाला सांगितलंय का, जमीन घेतल्यावर ते..."

"नांगरणार. मोहरी लावणार. ठाऊक आहे." टिल्मन आजोबा कापणीनंतर शहरातल्या वृद्धाश्रमात जाणार होते, जमीन पावलिशिनांना देणार हे ठरलं होतं. "मी अट घालणार नाही, लेस्या. विकली म्हणजे विकली. निघालेल्या माणसाने मागे राहणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग धरू नये." मग ते मिश्कील हसले. "तू मात्र गाडीतच बसली आहेस."

संध्याकाळी जेवायला पिरोही होत्या, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर साय आणि शेपू. बाबा खुशीत होते.

"सप्टेंबरात मशीन येतंय," ते आईला सांगत होते. "तो मोठा दगड उकरून तळ्यात ढकलायचा. बाकीचे लेस्या वेचेल. काय गं, आता तोंड चालतं तसे हातही चालतील ना?"

"बाबा, आपण सहा तारखेला पहिला वाडगा तिकडे का नेतो?"

"म्हातारा एकटा..."

"नाही." आणि तिने सांगितलं. ओली फडकी, पालथी ताटं, भरलेली गाडी, वाकड्या शिंगाची तांबडी गाय. घाईघाईत, मधले धागे सोडून, मग मागे जाऊन ते पुन्हा पकडत. आईने सायीचा चमचा खाली ठेवला. बाबांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "मिखायलो आजोबा निघाले असते तर मी उत्तरेत जन्मलो असतो."

"जन्मला असता की नाही कुणास ठाऊक!" आई म्हणाली. "मी तर काही उत्तरेला आले नसते."

बाबा हसले, पण लगेच गंभीर झाले. "पोरी, सगळं खरं. पण नुसतं गवत काय देणार?"

लेस्या उठून उभी राहिली. जेवताना उभं राहायचं नाही हा घरचा नियम. आज कुणी बस म्हणालं नाही. जुलैच्या जत्रेत ती आपली कालवड टूट्सी विकणार होती. दोन वर्षं तिला हाताने वाढवलं होतं, त्या पैशांतून जुनी गाडी घ्यायची होती, निळी. तिचा रंगसुद्धा ठरला होता.

"आपल्या गाई तीस किलोमीटरवर भाड्याच्या कुरणात चरतात," ती म्हणाली. "त्या इथे चरतील. ओले आजोबांनी मोजल्या तशा मोजून. नांगराचं तुम्ही ठरवा, जमीन तुमच्या नावावर होणार आहे. माझं मी ठरवलंय. टूट्सीला मी विकत नाही. गाडी नको मला. त्या फाटकातून पहिली आत जाईल ती टूट्सी, आणि दर शनिवारी पाहुण्यांना घेऊन मी तिथे उभी राहणार आहे. आणि ते दगड मी वेचणार नाही, बाबा."