पाताळडोळा

सारिका लग्न होऊन शेषरावांच्या घरात सून म्हणून आली आणि दुसऱ्याच सकाळी त्यांच्या बोअरचं पाणी गेलं. मोटर घूंऽ करून फिरायची, पाइपातून मात्र नुसती हवा. मिस्त्री म्हणाला, बोअर आटला. सासूबाई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पायगुण." हळूच म्हणाल्या, पण कुंपणापलीकडच्या बायांना ऐकू जाईल एवढ्यानं. मग ठरलं, पाणी येईस्तोवर सुनेनं रोहिणखेडला माहेरी राहावं. दुपारी तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता.

प्रेरणाला हे दुकानात कळलं. तिच्या वडिलांचं, प्रसेनजितचं, जळगाव जामोदला मोटर वाइंडिंगचं दुकान. वाइंडिंग पोटासाठी, जीव सगळा नव्या यंत्रांत. त्यातलंच एक त्यांनी घरी बनवलेलं: गाडी मागं घेताना बघायला लावतात तो बोटभर कॅमेरा, भोवती बारीक दिवे, वर काचेची नळी. पाणी शिरू नये म्हणून नळीच्या सांधी प्रेरणाच्या आईनं, जयमालाबाईंनी, निगुतीनं बुजवलेल्या. लांब वायरीवर हा डोळा खाली सोडायचा आणि वर मोबाइलवर बघायचं. घरात त्याचं नाव पाताळडोळा. दहावीतल्या प्रेरणानं त्याच्यावर शाळेच्या टाकीतल्या वासाचं कोडं सोडवलं, तेव्हापासून लोक तिला बोलावणं धाडत. आज कोणी धाडलं नव्हतं. तिनं वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि निघाली.

"काऊन आली वं?" अन्नपूर्णाबाईंनी दारातच विचारलं.

"बोअर पाह्यतो, मावशी."

"मिस्त्रीनं पाह्यला ना."

"त्यानं वरून पाह्यला. मी आतून पाह्यतो."

शेषराव बाजेवरून म्हणाले, "पाहू दे तिले. कोरडा तं कोरडा, आणखी काय कोरडा होईन?"

प्रेरणानं डोळा सोडला आणि मोबाइल सारिकापुढे धरला. "वहिनी, तुमी धरा."

"तिच्या हातात नको देऊ."

"मंग तुमी वायर सोडा, मावशी, मी मोबाइल धरतो."

अन्नपूर्णाबाईंनी हात पदराखाली घेतले. सारिकानं मोबाइल धरला.

पडद्यावर आधी काळा दगड सरकत गेला. मग एकदम चकाकलं.

"पाणी!" सारिका ओरडलीच.

शेषराव बाजेवरून उठून आले. "अरे, भरलेला हाय की! मंग वर काऊन नाही येत?"

प्रेरणा वायर सोडत राहिली. पंप दिसला. जिथून तो पाणी ओढतो त्या जाळीला हिरवं कापड घट्ट गुंडाळलेलं, त्याला जरीचा काठ.

अन्नपूर्णाबाईंनी खाली बसून वाकून पाहिलं.

"हा तं माहा खण व माय!"

सून घरात आली की पाण्याची ओटी भरायची, ही त्या घरची रीत. विहीर कधीच बुजवलेली. म्हणून लग्नाच्या संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी बोअरचं झाकण काढून ओटी भरली होती.

"नारळ मावलाच नाही," त्या पुटपुटल्या. "तो घरी आणला."

"आन् खण तरंगला नाही?" शेषरावांनी विचारलं.

"हळकुंडं बांधली ना त्यात!"

शेषरावांना हसू आवरेना. प्रेरणा हसली नाही. ती जवळ बसली. "पूजा चुकली नाही, मावशी. विहिरीचं तोंड मोठं, बोअरचं लहान, एवढंच. खण खाली गेला आन् पंपानं ओढला."

शेषरावांनी आणि अविनाशनं, म्हणजे सारिकाच्या नवऱ्यानं, दोर लावून मोटर वर काढली. खण सोडवला, मोटर परत उतरवली. बटन दाबलं. आधी गढूळ आलं, मग नितळ.

तेवढ्यात भावाची गाडी दारात थांबली.

अन्नपूर्णाबाईंनी पाण्याला हात जोडले आणि कुंपणाशी गेल्या. या वेळी आवाज हळू नव्हता. "ऐका व बायाहो! बोअर माह्या खणानं बंद पडला होता. सुनेले बोलली, ते माहं चुकलं." मग मागं वळून म्हणाल्या, "आता काऊन जातं? राह्य."

सारिकानं पदर सारखा केला. "भाऊ आलाच हाय तं जातो, आत्याबाई. आईले भेटतो. पण धाडलं तुमी, तं न्यालेही तुमीच या. ह्यायले नका पाठवू."

अविनाश चपलेकडे पाहत राहिला.

अन्नपूर्णाबाई कुंपणापासून तिच्याजवळ आल्या. "एकादशी झाली का येतो. रोहिणखेडले येतानी मोताळ्याले गाडी बदला लागते का वं?"

"बदला लागते," सारिका म्हणाली. "फोन करजा. मी स्टँडवर येतो."