जमदग्नीच्या टाकीत पाच पाहुणे

वन्सं राहायला येणार हे ठरलेलं होतं. पाच मासे घेऊन येणार, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी दहाला त्या गाडीतून उतरल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. सामान हलवताना त्यांची छोटी काचेची टाकी तडकली होती, आणि बादलीत ताटलीसारखे चपटे, चंदेरी पाच मासे वर तोंड करून धापा टाकत होते. वन्संनी तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळला होता. घाबरणं त्यांच्या गावी नव्हतं. पण बादली खाली ठेवल्यावर त्यांनी झाकण उचलून मासे दोनदा मोजले, आणि ते वहिनींच्या नजरेतून सुटलं नाही.

घरात मोठी टाकी नव्हती असं नाही. चांगली पलंगाएवढी लांब होती. पण तिच्यात जमदग्नी होता.

जमदग्नी म्हणजे वहिनींच्या यजमानांनी पाळलेला सिक्लिड जातीचा मासा. वीतभर लांब, कपाळावर टेंगूळ आणि राग कायम नाकावर. हे मासे दुष्ट नसतात हो; त्यांना आपली हद्द तेवढी कळते. समोरचा दगड माझा, मागचं मडकं माझं, मधलं पाणीही माझंच. यजमानांनी दोनदा त्याला सोबती आणून पाहिले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी शेपट्या वेचल्या. यजमान जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. जमदग्नी एकटा होता, आणि शाळेचे गणवेश शिवत बसणाऱ्या वहिनीही.

वन्संनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, निवृत्तांच्या वसतिगृहात एक खोली आहे. आज सहापर्यंत कळवायचंय. तिथे अंगणात हौद आहे, मासे चालतात. यांचं इथे जमलं नाही, तर मीही यांच्याबरोबर जाईन. राग मानू नका."

वहिनींनी पाणीसुद्धा न विचारता आधी मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

तो जुना जाणता माणूस. त्याने सावकाश समजावलं. बादलीत टाकीचं पाणी थोडं थोडं घाला, तासभर. मग जुन्या माशाला बाहेर काढा आणि आतली मांडणी पार उलटीपालटी करा; एक खडासुद्धा जुन्या जागी नको. नव्यांना आधी सोडा, जुन्याला शेवटी. म्हणजे घर त्यालाही परकं वाटतं, आणि ज्याला घरच ओळखू येत नाही तो भांडणार कशासाठी?

तासभर वहिनींच्या पायाला भिंगरी लागली होती. मगभर पाणी बादलीत ओतायचं, मशीनवर बसायचं, पुन्हा उठायचं. एक कॉलर उलटी शिवली, उसवली, पुन्हा उलटीच शिवली. वन्सं बादलीत थर्मामीटर धरून बसल्या होत्या. नवा पेशंट आला की जुने असेच गुरगुरतात, म्हणाल्या. दोन दिवसांत एकमेकांची औषधं विचारू लागतात.

मग जमदग्नीला जाळीने टबात काढलं. वहिनींनी बाही वर करून दगड हलवले, लाकडाचा ओंडका आडवा केला, झाडं उपटून पलीकडे रोवली. राहिलं डाव्या कोपऱ्यातलं फुटकं मडकं. यजमानांनी आजारपणाच्या आधल्या आठवड्यात खांद्यापर्यंत हात घालून ते तिथे बसवलं होतं. दीड वर्ष वहिनी त्याच्या भोवतीनेच टाकी साफ करत आल्या होत्या. त्यांनी मडक्यावर हात ठेवला. मग काढून घेतला.

"झालं?" वन्संनी पाठमोऱ्या राहूनच विचारलं.

"झालं."

पाच चंदेरी पाण्यात गेले आणि घाबरून ओंडक्याआड दडले. अर्ध्या तासाने जमदग्नीला सोडलं. तो गोंधळला, इकडे थांबला, तिकडे वळला. आणि मग त्याला मडकं दिसलं. सरळ आत शिरला, आतच गर्रकन फिरला, तोंड बाहेर काढलं. आता तो पुन्हा मालक होता. पुढच्या क्षणी टाकीत पाणी उसळलं, आणि टिकल्यांसारखे खवले तरंगत खाली आले. एका चंदेरी माशाची शेपूट अर्धी झाली होती.

वन्संनी जाळी घातली आणि एकेक मासा परत बादलीत काढला. मग बादलीचं झाकण शोधू लागल्या.

त्याचा स्वभावच तसा, हे वाक्य वहिनींच्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर कोणी खोटं ठरवलं नसतं.

"वन्सं, चूक त्याची नाही," त्या म्हणाल्या. "मडकं मी हलवलंच नाही. हलवा म्हणून सांगितलं होतं, तरी. ह्यांनी ठेवलेलं होतं ते."

वन्सं झाकण हातात घेऊन खुर्चीवर टेकल्या. मान वाकडी करून त्यांनी मडक्याकडे पाहिलं.

"दादाला टाकी लावता यायचीच नाही," म्हणाल्या. "स्वतःच मडकं कोपऱ्यात ठेवायचा आणि फोनवर मला सांगायचा, मासा कोपऱ्यातून हलत नाही म्हणून."

वहिनींना हसू आलं आणि डोळेही भरले. नक्की काय होतंय हे त्यांनाच कळेना. त्यांनी जमदग्नीला पुन्हा टबात काढलं आणि बाही सारली. मडकं उचललं तेव्हा खाली वाळूत त्याचा गोल खळगा राहिला होता. तो त्यांनी तळहाताने सपाट केला आणि मडकं उजव्या टोकाला, तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

पुन्हा तोच सगळा व्याप. या वेळी जमदग्नी रिकाम्या कोपऱ्यात गेला, बाहेर आला, परत जाऊन पाहून आला. चंदेरी घोळका समोरून गेला तेव्हा झेपावला, आणि अर्ध्यावरच थांबला. इथून पुढचं पाणी कोणाचं, हे त्याला ठरवता येईना.

सहाला दहा कमी असताना वन्संनी फोन लावला. वहिनी मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होत्या; दोरा ओवला जात नव्हता. खोली आठवडाभर धरून ठेवा, असं वन्संनी तिकडे सांगितलं.

"आठवडाभर?" वहिनींनी विचारलं.

"पहिला आठवडा बघायचाच असतो, वहिनी. शेपूट कुजते की भरते, ते तेव्हा कळतं."

बरं वाटून घ्यावं की वाईट, ते वहिनींना उमगेना. त्यांनी स्टूल टाकीसमोर ओढलं, वन्संनी आपली खुर्ची. जमदग्नी जरा हलला की दोघी अर्ध्या उठत होत्या, आणि तो थांबला की पुन्हा बसत होत्या.