तिसरा फोटो

स्नेहलने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पहिला फोटो. पहाटेचे पाच वाजून पाच मिनिटं. त्रयोदशीचा चंद्र नुकताच बुडाला होता आणि पावणेसहानंतर फटफटणार होतं. मधला एवढाच काळोख तिचा. उद्यापासून आठ-दहा दिवस पहाटेच्या आभाळात चंद्रच मुक्काम ठोकणार.

परवा इथूनच काढलेल्या पूर्वेच्या आभाळाच्या फोटोत तिला एक धुरकट ठिपका सापडला होता, कुठल्याच यादीत नसलेला. बारा वर्षांत तिने चाळीस धूमकेतू टिपले होते, ओळखले होते. सगळे दुसऱ्यांच्या नावाचे. हा तिचा असू शकत होता. पण वीस-वीस मिनिटांनी काढलेल्या तीन फोटोंत तो एका रेषेत सरकलेला दिसला, तरच खरा. नाहीतर काचेवरचा डाग म्हणून लोक हसणार.

नाशिकच्या दिव्यांत हे जमत नाही, म्हणून ती सायखेड्याला भावाच्या द्राक्षबागेत आली होती, आणि नेमकी कडाक्याच्या थंडीत. निवृत्तीने ओळीओळींत काड्यांचे ढीग रचून ठेवले होते. पारा चारच्या खाली गेला की ते पेटवून बागेवर धूर धरायचा, नाहीतर मणी तडकतात. धूर धरला की वरचं आभाळ मात्र झाकलं जाणार.

"दादा, पारा किती?"

"पाच हाय. तू तुझं कर."

पाच पंचवीस. दुसरा फोटो. स्नेहलचा पाय जागेवर ठरेना. शेजारच्या मळ्यांत एकेक शेकोटी पेटत होती. निवृत्ती मात्र काडेपेटी मुठीत धरून बांधावर उभा. मधूनच एखादा घड ओंजळीत घ्यायचा, सोडायचा.

"पेटवत का नाहीस?"

"पाचच हाय अजून. लय घाई नाय."

सगळ्या शिवाराला घाई आणि यालाच नाही? ती तरातरा ओळीत शिरली, टांगलेल्या थर्मामीटरवर मोबाइलचा उजेड धरला. तीन.

तिसऱ्या फोटोला दहा मिनिटं होती. फक्त दहा. तिला रडूच आलं. थंडीचा राग, दादाचा राग, स्वतःचा तर फारच. तिने त्याच्या मुठीतून काडेपेटी ओढून घेतली आणि पूर्वेकडचा ढीगच आधी पेटवला.

"अगं, तुझा फोटो?"

"झाला."

दोन आठवड्यांनी तो धूमकेतू परदेशातल्या कुणाच्या तरी नावाने यादीत आला. स्नेहलने तारीख, वेळ, जागा पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. तोच होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

फेब्रुवारीत निवृत्ती द्राक्षांची पेटी घेऊन नाशिकला आला. मणी टपोरे, एकही तडकलेला नाही.

"तायडे, तुझ्या त्या शेंडीच्या ताऱ्याचं काय झालं गं?"

"तो होय? जुनाच निघाला. यादीतला."

"मंग बरं." त्याने मोठा घड निवडून तिच्यापुढे सरकवला. मग पेटीचं झाकण लावत म्हणाला, "पारा पाचच होता बरं का त्या दिवशी."

"माहितीय," स्नेहल म्हणाली आणि तिने एक मणी तोंडात टाकला.