लॅपटॉपचा जामीन

पुनमचंदला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि सेनगाव तालुक्यातल्या बऱ्याच लोकांचंही. कुणाला बैलजोडी घ्यायची असली की ते आधी तांड्यावर यायचे आणि पुनमचंदला मोटारसायकलवर मागे बसवून बैलबाजारात न्यायचे. तो दातांवरून बैलाचं वय सांगायचा, खांद्यावर बोट फिरवून जुनी सूज ओळखायचा आणि बाकीचं सगळं विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून सांगायचा. हा गुण त्याने बाजारापुरता ठेवला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण तो गुण त्याच्याबरोबर घरीही यायचा. बायको धुरपताबाई म्हणाली, आज भाजीत मीठ जरा जास्त पडलं, तरी तो घास हातात धरून विचारायचा, "काहून पडलं?"

यंदा त्याच्या धाकट्या लेकीला, निलमला, पुण्यात वास्तुकलेला प्रवेश मिळाला. इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण. त्याला साधा लॅपटॉप चालत नाही, भारीतला लागतो, असं कॉलेजने कळवलं होतं. त्या 'भारीतला' शब्दावर पुनमचंद बरेच दिवस अडून बसला. कॉलेजवाल्यांचं आणि लॅपटॉपवाल्यांचं आतून काहीतरी असणार, हे त्याने तांड्यावर भेटेल त्याला सांगितलं. शेवटी सोयाबीनचे आलेले पैसे बंडीच्या आतल्या खिशात घालून, खिशाला सेफ्टी पिन लावून, तो निलमला घेऊन जीपने हिंगोलीला उतरला. जीपवाल्याने एक दुकान सुचवलं होतं, म्हणून तो मुद्दाम दुसऱ्याच दुकानात शिरला.

दुकानाचा मालक बंटी तिशीतला होता आणि बोलायला फार गोड होता. त्याने बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. पुनमचंदने पाणी घेतलं नाही. आल्याआल्या पाणी पाजणारा माणूस नंतर काय काय पाजेल, याचा नेम नव्हता.

निलमला काय हवं ते तिला माहीत होतं. तिने लॅपटॉप निवडला, चालवून पाहिला आणि मान डोलावली. मग पुनमचंद पुढे सरसावला. त्याने लॅपटॉप उलटा केला, खालच्या रबरी पायांवर एकेक करून अंगठा दाबला, झाकण दहादा उघडलं आणि मिटलं, कानाशी धरून हलवला. बंटीचा जीव वरखाली होत होता, पण गिऱ्हाईक मोठं होतं. चांगली बैलजोडी यावी एवढी त्या लॅपटॉपची किंमत होती.

"एक नंबर पीस आहे, काका," बंटी म्हणाला. "आता फक्त एक काम करा. याच्यावर एक्स्टेंडेड वारंटी लावून घ्या. पहिलं वर्ष कंपनी फुकटच देते. ही घेतली की त्याच्या पुढची दोन वर्षंपण कव्हर. थोडे पैसे वर लागतील, पण टेन्शन खतम."

पुनमचंदचे कान टवकारले.

"काय खोड हाय याच्यात?"

"खोड? नवा कोरा माल आहे, काका. काही खोड नाही."

"मंग बिगडनार कसा?"

"बिघडणार नाही. पण समजा, बिघडलाच…"

"तुमी काहून समजून राहिले? माल तुमचा. तुमीच म्हनता एक नंबर, आन् तुमीच म्हनता बिगडंल."

बंटी हसला. पुनमचंद हसला नाही. जो व्यापारी कुणी विचारायच्या आधीच 'काही झालं तर परत आणा' म्हणतो, त्याचा बैल अर्ध्या तासात बसतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. आणि इथे तर त्या बोलण्याचे वर पैसे मागून राहिले होते. एवढा निगरगट्टपणा बैलबाजारातही नव्हता.

"पडला तर देता का भरून?"

"पडला तर नाही. त्याचा प्लॅन वेगळा आहे."

"पानी सांडलं तर?"

"ते पण त्याच प्लॅनमध्ये."

"ब्याटरी?"

"बॅटरी पहिलं वर्षच, काका."

"मंग राहिलं काय?"

"आतले पार्ट. स्क्रीन. म्हणजे आपोआप काही झालं तर."

"आपोआप झालं का न्हाई, हे कोन ठरवनार?"

"कंपनी."

"बराबर," पुनमचंद म्हणाला. आता त्याला मजा वाटायला लागली होती. "आन् जामीन कोन?"

बंटीला प्रश्न समजला नाही. पुनमचंदने त्याला समजावून सांगितलं. बैलबाजारात बोली द्यायची एक रीत असते. विकणारा बैलाच्या पाठीवर हात ठेवतो आणि तिसऱ्या माणसासमोर बोलतो, की हा मारत नाही, औताला बसत नाही, तसं निघालं तर मी परत घेईन. ती झाली बोली. एकदा कुणी बोली फिरवली, की पुढे त्याच्या नुसत्या शब्दावर कुणी बैल घेत नाही. मग त्याला जामीन आणावा लागतो. विकणारा फिरला तर सगळं निस्तरायचं ते जामिनाने.

"तर ठेवा याच्यावर हात," पुनमचंदने लॅपटॉप पुढे सरकवला, "आन् म्हना, बिगडला तर मी बंटी भरून देईन."

बंटीने दोन्ही हात मागे घेतले. "मी कसं म्हणू, काका? मी फक्त विकतो. वारंटी दुसऱ्या कंपनीची असते. टोल फ्री नंबर आहे ना."

"गाव कोन्तं तिचं?"

बंटीने छताकडे पाहिलं. पुनमचंदला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं. "नको वारंटी," तो म्हणाला. "नुस्ता लॅपटॉप द्या." आणि जिंकल्याच्या आनंदात त्याने मघाचं पाणी उचलून पिऊन टाकलं.

"वारंटी लावा," निलम बंटीला म्हणाली.

पुनमचंदने पेला खाली ठेवला. ही पोरगी बांगड्या घेताना बांगडीवालीला रडकुंडीला आणणारी. गोरेगावच्या बाजारात टरबूज घेताना तीनदा वाजवून बघणारी. सगळा हिशेब बापासारखा. आणि आज इथे न बघता, न भांडता वर पैसे द्यायला निघाली होती? त्याने एकदा बंटीकडे पाहिलं, एकदा निलमकडे. बंटीने मघाशी तिच्याकडे बघून मान हलवली होती, हे त्याला आता आठवलं. त्याच्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं.

तांड्यावर घरोघरी गोरमाटी बोलतात. बंटीला कळू नये म्हणून पुनमचंद आता त्या भाषेत शिरला. "तुझ्या वळखीचा हाय का ह्यो?"

"न्हाई, बा."

"मंग काहून त्याची बाजू घेऊन राहिली? मी इतकं समजावलं, ते काय भिताडाला समजावलं?"

"तुझं समदं बराबर हाय," निलम म्हणाली. "वारंटीत काही दम न्हाई, मला बी दिसते. तरी मला पायजे."

"काहून?"

तिला सांगायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिचा बाप उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही, हेही तिला माहीत होतं.

"पुण्यात ह्यो बंद पडला, तर मला तुला सांगायचं न्हाई. वारंटी असली तर मी गुपचूप दुरुस्त करून घेईन. तुला कळायच्या आत."

"मला काहून सांगायचं न्हाई?"

"ताईचा फोन बंद पडला होता तवा तू काय केलं?"

पुनमचंदने नजर पेल्याकडे वळवली.

निलमची थोरली बहीण पुजा नांदेडला नर्सिंग शिकत होती. दुसऱ्या वर्षाला असताना तिचा मोबाईल बिघडला आणि दोन दिवस तिचा फोन आला नाही. पुनमचंदने त्या दोन दिवसांत मनातल्या मनात जे जे रचलं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो जाऊन तिला सामानासकट घेऊन आला. मैत्रिणींशी बोलला, मॅडमशी बोलला, खोटं काहीच निघालं नाही. नवा फोन घेऊ आणि मग तुला परत पाठवतो, असं त्याने तिला सांगितलं. फोन आला. त्याच महिन्यात स्थळही आलं, मुलगा चांगला होता, हट्टा गावात त्याचं स्वतःचं दुकान होतं. पुजा आता तिथे होती, एका लेकराची आई. तिने त्याबद्दल बापाला कधी एक शब्द विचारला नव्हता. म्हणून पुनमचंदला वाटायचं, की ती विसरली.

"वारंटी याच्यासाठी न्हाई, बा," निलमने लॅपटॉपकडे बोट केलं. "तुझ्यासाठी हाय."

पुनमचंदला आधी राग आला. दुकानात बसून, एवढ्या मोठ्या खरेदीच्या दिवशी, पोटची पोर असं बोलते. मग त्या रागाच्या खालून लाज वर आली. ती त्याला ओळखू आली, कारण बाजारात खोटे पडलेले लोक त्याने फार पाहिले होते आणि त्यांची तोंडं कशी होतात हे त्याला पाठ होतं. समोरच्या काळ्या पडद्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं. त्याने झाकण मिटलं आणि त्यावर पालथा हात ठेवला.

"ह्यो बिगडला, फुटला, चोरीला गेला, तरी तुला शिकनं सोडवून परत बोलावनार न्हाई," तो म्हणाला. "झालं?"

"मराठीत बोल."

"काहून?"

"यांना कळू दे." तिने बंटीकडे पाहिलं. "तिसरा मानूस लागते ना?"

पुनमचंदने तेच सगळं मराठीत म्हटलं. बंटी बावचळून दोघांकडे बघत राहिला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून "हो, हो" म्हणाला.

"ताईला बी बोली दिली होती," निलम म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते, पण आवाज जागेवर होता. "गोठ्यात. मोऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून. मी उभी होते तिथं. जामीन कोन, बा?"

हे तिने अगदी त्याच्याच सुरात विचारलं. पुनमचंदला ते झोंबलं. पण प्रश्न रीतीचा होता आणि मघाशी ती रीत त्यानेच भर दुकानात सांगितली होती. त्याच्या शब्दाला जामीन राहायला तालुक्यातले कितीतरी लोक आनंदाने आले असते. त्यातला एकही निलमला चालला नसता. त्याने खिशातून फोन काढला आणि पुजाला लावला.

"काय झालं, बा? याडी बरी हाय ना?" बापाचा फोन दिवसा आला म्हणजे याडीला, आईलाच, काही झालं असणार, असं वाटून पुजा आधीच घाबरली होती. मागे लेकरू काहीतरी आपटत होतं.

"स्पीकरवर कर," निलम म्हणाली.

पुनमचंदने केला. "समदे बरे हायत. निलमला लॅपटॉप घेऊन राहिलो हिंगोलीला."

"मंग मराठीत काहून बोलून राहिला? कोन हाय तिथं?"

ही बी तशीच, पुनमचंदच्या मनात आलं. त्याने तिला बोली सांगितली, पहिल्यापासून, काही न गाळता. मग म्हणाला, "एकदा फिरवलेली हाय म्या. म्हनून जामीन पायजे. तू राहतीस का?"

पलीकडे लेकराचं आपटणंही थांबलं. फोन कटला की काय म्हणून पुनमचंदने पडद्याकडे पाहिलं. कटला नव्हता.

"राहते," पुजा म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "पर तू फिरलास, तर निलम माझ्या घरी येईल, हट्ट्याला. आन् म्या तिला इथून पुन्याला परत धाडीन. मंग तू माझ्या दारात यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

"निलम, ऐकून राहिली का?"

"व्हय, ताई."

"दुकानदाराची वारंटी बी घे."

पुजाने फोन ठेवला. निलमने ओढणीने तोंड पुसलं. पुनमचंदने बंडीत हात घालून सेफ्टी पिन काढली, ती नीट बंद करून काउंटरवर ठेवली.

"किती वर्साची म्हनले व्हते?" त्याने बंटीला विचारलं.

"पहिलं धरून तीन, काका."

"हिचं शिकनं पाच वर्साचं हाय. पाचची द्या."

"तीनच्या वर मिळत नाही, काका."

पुनमचंदने निलमकडे पाहिलं. ती त्याच्याकडे त्याच्याच नजरेने बघत होती, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसं.

"मंग राहिलेली दोन माझ्याकडं," तो म्हणाला, मराठीत, बंटीला ऐकू जाईल असं.