पडदे ओढलेली गल्ली

ट्रेव्हर पिम यांनी बटण दाबलं आणि चॅपलच्या हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर ऑल्डर स्ट्रीट उभी राहिली. बेरिल हॉवर्थने ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. ती लहानाची मोठी झाली ती गल्ली केव्हाच जमीनदोस्त झाली होती. तिच्यावर डांबर ओतून मोटारी उभ्या करायची जागा केलेली होती, आणि बेरिल स्वतः तिथे कितीदा तरी गाडी लावून बाजाराला गेली होती.

"ओळखा पाहू, कुठली?" पिम म्हणाले.

"आता हे आम्हाला विचारणार!" मागून वॉल्टर ग्रिमशॉ ओरडला. "तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी तिथे घरोघर कोळसा टाकत होतो."

सगळे हसले. पिमही हसले. ते दक्षिणेकडच्या कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि ब्रॅकनशॉच्या या गिरणगावात येऊन त्यांना पंधराएक वर्षं झालेली. म्हणजे ब्रॅकनशॉच्या हिशेबाने ते अजून नवेच होते. नव्या माणसाला असतो तसा त्यांना जुन्याचा भारी सोस. दर मंगळवारी दुपारी ते जुने फोटो भिंतीवर दाखवत आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून नावं वदवून घेत. ही घरं पाडायच्या कितीतरी वर्षं आधी नगरपालिकेचा कुणी माणूस येऊन गल्ल्यांचे फोटो काढून गेला होता. त्या फोटोंची पेटी अलीकडेच कुणाच्या तरी माळ्यावर सापडली होती.

बेरिल आज पहिल्यांदाच आली होती, आणि तेही कामानिमित्त. तिच्या पर्समध्ये एक छोटा फोटो होता. ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर आई, मधे चार-पाच वर्षांची बेरिल, आणि दुसऱ्या बाजूला तिचा बाप, क्लिफर्ड. बेरिल सहा वर्षांची असताना तो कॅनडाला गेला आणि परत आला नाही. आईने एवढंच सांगितलं होतं, आणि पुढचं विचारलं की ती उठून चुलीपाशी जायची. गेल्या नाताळाच्या आधी आई गेली. आता कुणाचं मन दुखावण्याचा प्रश्न नव्हता. कुठल्या शहरात गेला, पुन्हा लग्न केलं का, निदान थडगं तरी कुठे आहे, एवढं कळलं असतं तरी तिला पुरे होतं. गल्लीतलं कुणी ना कुणी काहीतरी ऐकून असेलच, असं तिला वाटत होतं. म्हणून तर ती नेलीमावशीला गाडीत घालून इथे आली होती. नेलीमावशी नव्वदीच्या घरात होती, त्या वेळची त्यांची समोरची शेजारीण.

"हा माझा सगळ्यात लाडका फोटो," पिम म्हणाले. "नीट बघा. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. का बरं? कारण वेक्सचा आठवडा! गिरण्यांना सुट्टी, घरांना कुलपं, आणि अख्खी गल्ली ब्लॅकपूलला. काय, बरोबर ना?"

आता पिम यांची चांगलीच फिरकी घेतली जाणार, म्हणून बेरिल हसायच्या तयारीने मागे वळली. कुणीच हसलं नाही.

ब्रॅकनशॉत दिवसाढवळ्या पडदे ओढणाऱ्या बाईला आळशी म्हणत, आणि ते तिच्या तोंडावर म्हणत. पडदे ओढायचे ते एकाच कारणासाठी. गल्लीत कुणी गेलं की सगळी घरं पडदे ओढून घेत आणि शवपेटी गल्लीबाहेर पडेपर्यंत तशीच अंधारात बसत. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिवाय वेक्सच्या आठवड्यात गिरण्यांची धुराडी थंड पडायची, आणि पलीकडचे डोंगर वर्षातून तेवढेच काही दिवस स्वच्छ दिसायचे. भिंतीवरच्या फोटोत तर घरांच्या मागचं धुराडं भसाभसा धूर ओकत होतं.

"वेक्सच तो," वॉल्टर म्हणाला.

"वेक्सच," खिडकीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली. मग आणखी दोघांनी माना हलवल्या.

"अहो, काहीतरीच काय!" बेरिल म्हणाली. "तो धूर बघा ना—"

तिच्या मनगटावर नेलीमावशीचा हात पडला. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं बेरिलला वाटलं नव्हतं.

"वेक्सचा आठवडा होता, पोरी," नेलीमावशी भिंतीकडे बघत म्हणाली.

पिम यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोटो मोठा केला. "एक बाई मात्र मागे राहिलेली दिसते. ही बघा, पायरी घासतेय."

एकाच घराचे पडदे उघडे होते, आणि त्या घराच्या दारात बादली घेऊन एक बाई गुडघ्यांवर बसली होती. तिची पाठ होती इकडे. गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं, एप्रनची गाठ एका बाजूला सरकलेली. ती गाठ बेरिलने लहानपणी कितीदा तरी ओढून सोडली होती. आई पायरी घासायची ती शुक्रवारी, पायरीच्या कडेला रंग यायला पिवळसर दगड फिरवून झाला की संपलं. इथे ती दार सताड उघडं टाकून घराच्या आतपासून बाहेरपर्यंत घासत आली होती, आणि गटारापर्यंतचे दगड ओले होते.

बेरिलची नजर समोरच्या घरावर गेली. नेलीमावशीच्या खिडकीचा पडदा खालच्या कोपऱ्यात जरासा उचललेला होता. त्या फटीत एक छोटा पांढुरका चेहरा होता.

तो तिचाच होता.

तिला तो दिवस आठवला, कारण तसा दुसरा दिवस आलाच नव्हता. सकाळी झोपेतून उठवून नेलीमावशीने तिला आपल्या घरी नेलं होतं. भर दिवसा खोलीत अंधार. हातात मुरंबा लावलेला पावाचा जाड तुकडा. कोण मेलं, असं तिने विचारलं होतं.

"कुण्णी नाही गं. उन्हानं माझं डोकं दुखतं," नेलीमावशी म्हणाली होती.

रस्त्यावर तीन पायांवर फोटोची पेटी लावून एक माणूस उभा होता, तो बघायला तिने पडदा उचलला, आणि मावशीने तिच्या हातावर चापटी मारली होती. आयुष्यात एकदाच. त्याच संध्याकाळी आईने सांगितलं होतं, बाबा कॅनडाला गेले.

बेरिलने पुन्हा फोटोकडे पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. रस्त्यावर कुठेही कशाचीही सावली नव्हती.

"आणि ही वॉल्टररावांची गाडी!" पिम म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी घोड्याची गाडी उभी होती, लगाम धरलेला पोरसवदा माणूस तोंड फिरवून उभा. "कोळसाच ना हा?"

"मग काय, बिस्किटं?"

हॉलमधे हशा पिकला. जरा जास्तच वेळ पिकला. बेरिलला मात्र गाडीत एकावर एक रचलेल्या चपट्या फरशा स्पष्ट दिसत होत्या.

त्या वसंतात त्यांच्या मागच्या अंगणात फरशी बसली. त्याआधी तिथे चिखल असायचा. गल्लीत दुसऱ्या कुणाच्या अंगणात फरशी नव्हती, म्हणून सगळ्या पोरी लंगडी खेळायला बेरिलकडे यायच्या. खडूने चौकोन आखायचे आणि एका पायावर उड्या मारायच्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, आणि कधीकधी एकदम म्हणायची, पुरे आता, रस्त्यावर जाऊन खेळा.

आणि त्या आठवड्यात घरोघरच्या बायका झाकलेल्या ताटल्या घेऊन आल्या होत्या. मटणाचा रस्सा, बटाट्याची पाई, कुणाची खीर. बाजारातून किती अंडी आणली तेसुद्धा विचारून घेणारी ती गल्ली. पण क्लिफर्डचं पत्र आलं का, असं कुणी आईला कधी म्हणून विचारलं नाही. ऐन उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालणाऱ्या आईने त्या वर्षी बाह्या कोपरावर गुंडाळल्या. स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा होता, त्यावर बापाचा पट्टा लटकायचा. तो खिळा नंतर रिकामाच राहिला. बेरिलला हे सगळं नेहमीच आठवत होतं. फक्त ते एका जागी ठेवून तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्याच बापाने तिला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला होता, आणि तेही खोटं नव्हतं. त्याच्यासाठी तिने कॅनडातल्या तीन चर्चना पत्रं लिहिली होती.

"आता मला फोटोखालचा मजकूर पक्का करायचाय," पिम म्हणाले. "त्या जागेवर फ्लॅट होणार, माहीत आहे ना? पुढच्या आठवड्यात खोदकाम. बिल्डरला हा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचाय, चांगला दारभर मोठा. चूक नको. बेरिल, तुम्ही तर त्याच गल्लीतल्या. धुराचं काहीतरी म्हणत होता तुम्ही?"

चहाचं मोठं भांडं तेवढं खदखदत होतं. बेरिलने मान वळवली. वॉल्टर आपल्या हातांकडे बघत होता. कोळसा सोडून इतकी वर्षं झाली तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. आई आता कुणाच्या हाती लागणार नव्हती. पण वॉल्टर होता. नेलीमावशी होती. खिडकीपाशी बसलेली ती म्हातारीही त्याच गल्लीतली होती. कुणीही तिच्याकडे विनवणीने पाहत नव्हतं. ते नुसते थांबले होते, बहुतेक कधीपासूनच.

तिने पर्स उघडली.

"बेकरीची भट्टी असेल," ती म्हणाली. "माणसं सुट्टीवर गेली तरी पाव लागतोच की गावाला."

"हां! आणि ही पायरी घासणारी बाई कोण?"

बेरिलने आईच्या पाठीकडे पाहिलं. एप्रनची गाठ सरकलेली होती.

"मी नाही ओळखत," ती म्हणाली. "असेल कुणी रोजावर ठेवलेली. आम्ही नव्हतोच ना गावात. हे बघा, त्याच आठवड्यातला फोटो. ब्लॅकपूल. ही आई, ही मी. आणि हे माझे वडील."

पिम यांनी चष्मा सावरून फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! याला म्हणतात पुरावा. याची प्रत करून शेजारीच लावू. वडील अगदी खूश दिसतायत."

"हो," बेरिल म्हणाली. "त्यांना समुद्र फार आवडायचा."

मागे वॉल्टरने घसा खाकरला आणि अजून चहा आहे का, असं विचारलं. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

परतताना नेलीमावशी मांडीवर हातपिशवी धरून बसली होती. मोटारी लावायची जागा आता पत्रे ठोकून बंद केली होती. पत्र्यांवरून खोदाईच्या यंत्राचा पिवळा हात वर आलेला दिसत होता. नेमका तिथेच सिग्नल लाल झाला.

"फ्लॅटसाठी पाया किती खोल घेतात गं?" नेलीमावशीने विचारलं. तिचे डोळे पत्र्यांवरून हलत नव्हते.

बेरिलने सिग्नलकडे पाहिलं. तो बदलला नव्हता. आभाळ सकाळपासून गच्च होतं, आणि काचेवर पावसाचे बारीक थेंब जमू लागले होते. तिने हात लांब करून मावशीच्या डोळ्यांसमोरची, काचेवरची ऊन अडवायची झडप खाली ओढली.

"उन्हानं डोकं दुखेल, मावशी," ती म्हणाली.