शहर पाहायला निघालेली तिपाई

"तिन्ही पाय पूर्ण उघडल्याशिवाय कुणाला अंगावर घेऊ नकोस."

माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. ज्या सुताराने मला घडवले, तो माझा मधला बोल्ट आवळता आवळता हे म्हणाला. माझी चेष्टा करत होता की मला न्यायला आलेल्या बाईंना ऐकवत होता, देव जाणे. मी मात्र ते मनावर घेतले.

मित्रांनो, मी एक जुनी घडीची तिपाई आहे. तीन काठ्या, त्यांना मधोमध धरून ठेवणारा एक बोल्ट आणि वर जाड कापडाची तिकोनी बैठक, एवढाच माझा संसार. मिटले की मी छत्रीसारखी काखेत मावते. उघडले की एक माणूस विसावतो. खुर्चीसारखी पाठ मला नाही, हात नाहीत, त्यामुळे पाहुणे आले की मला कुणी पुढे करत नाही. माझा जन्मच मुळी वाटेसाठी झाला.

मला घरी आणले ते दोन बहिणींनी. त्यांचे इस्त्रीचे दुकान होते. सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणते. दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याच्या अंगाला लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटच्या घड्या आणि वर पांढरी चादर. भिंतीला टेकून कपड्यांचे गठ्ठे. मागे पडदा, आणि पडद्यापलीकडे दोघींचे बिऱ्हाड. थोरली रोज सकाळी टेबलावर हात टेकून डोळे मिटायची, मनातल्या मनात देवाचे नाव घ्यायची आणि मगच इस्त्री तापायला लावायची. अंगात ताप असला तरी हा नेम चुकत नसे. दुसरा नेम गिऱ्हाइकांशी होता. उद्या देते म्हटले की कपडे उद्याच तयार असत.

इस्त्री उभ्यानेच करावी लागते. बसून केली तर खांद्याचा जोर कापडापर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षे उभी राहून थोरलीचे पाय संध्याकाळी टम्म फुगत आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी दिसत. तिने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेली तरी वाटेत कुणाचा तरी ओटा शोधायची, एवढेच.

आता माझा या घराशी संबंध कसा आला ते सांगते.

एकदा कुणाचे तरी शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आले. त्या कागदावर मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचा फोटो होता. काचेच्या कपाटात कुण्या राणीचा झगा, कमरेपासून पावलांपर्यंत चुण्याच चुण्या, केसासारख्या बारीक. थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली आणि कागद उजेडात धरला.

"धाकटे, या चुण्या शिवलेल्या की नुसत्या दाबलेल्या गं?"

"शिवलेल्याच असणार. इतकी वर्षं राहिल्यात म्हणजे आत टाका असेल."

"टाका असता तर कापड ओढल्यासारखं दिसलं असतं. हे बघ, कसं सुटं पडलंय. कुणीतरी गरम लोखंडाने केलंय हे. आपल्यासारखीच कुणीतरी."

"मग जा आणि विचार राणीला."

"जाऊ या की," थोरली म्हणाली. ती हसत नव्हती.

शेजारी घड्याळे दुरुस्त करणारे काका होते. ते तरुणपणी त्या शहरात राहिलेले, त्यामुळे बेत ठरवायला त्यांनाच बोलावले. काका टेबलाशी आले, इस्त्रीची चादर म्हणजेच शहर असे समजून त्यांनी बटणे मांडायला सुरुवात केली. हे स्टेशन, हे संग्रहालय, ही नदी, हा पूल, हा उंच मनोरा.

"दोन दिवस पुष्कळ झाले. पहिल्या दिवशी संग्रहालय आणि पूल, दुसऱ्या दिवशी बाग आणि मनोरा," काका म्हणाले. "पण चालावं लागेल हं. आणि बसायची सोय विचारू नका. बाकं आहेत, पण तिथे आधीच कबुतरं बसलेली असतात."

"मग आम्ही आमचं बाक घेऊनच जाऊ," धाकटी म्हणाली.

आणि दुसऱ्याच दिवशी ती सुताराकडे गेली. माझा जन्म असा झाला, मित्रांनो. एका बहिणीचे पाय आणि एका शहराची लांबी यांचा मेळ बसावा म्हणून.

इस्त्रीवाल्यांची एक रीत असते. अनोळखी कापड आले की एकदम पाठीवर इस्त्री फिरवायची नाही. आधी आतल्या कोपऱ्यावर जरा लावून बघायची. जळले तर कोपरा जळेल, कपडा वाचेल. थोरलीने शहरालाही हीच रीत लावली.

"आधी कोपऱ्यावर फिरवून बघू," ती म्हणाली.

त्यांचे गाव हाच तो कोपरा. काकांना विचारून दोघींनी अंतरे जुळवली. दुकानापासून पोस्टापर्यंत चालले म्हणजे स्टेशनवरून संग्रहालय आले. पोस्टापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले म्हणजे पूल आला. टाकीचा जिना म्हणजे मनोरा. सुट्टीच्या दिवशी दोघी निघत, मी धाकटीच्या काखेत. थोरलीची पावले जड झाली की धाकटी मला उघडून देई, थोरली बसे, आणि दोघी समोर बघत राहत.

"काय बाई, कुठे निघालात?" पोस्टमन विचारी.

"पोचलो. संग्रहालयात आहोत," धाकटी पोस्टाच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगे. "तुम्ही मध्ये उभे आहात. राणी दिसत नाही."

लोक हसत. थोरलीही हसे. पण ती खरोखरच भिंतीकडे बघत बसे. जितका वेळ झगा बघायचा होता तितका वेळ. मग म्हणे, "चल, झालं माझं बघून," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठे. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. अंगावर वजन होते आणि त्या वजनाला कुठेतरी जायचे होते.

आणि एवढी तालीम करूनही त्या गेल्या नाहीत.

दरवेळी काहीतरी आडवे यायचे. बेत ठरला की कुणाच्या घरचे लग्न निघे. शाळा उघडत आणि गणवेशांचे ढीग येत. गिऱ्हाईक गठ्ठा टेबलावर टाकून केविलवाणा चेहरा करी आणि थोरलीच्या तोंडून निघून जाई, "ठेवा, देते उद्या." एकदा शब्द गेला की संपले.

"एवढं उरकू, मग जाऊ," थोरली म्हणायची. "शहर कुठे पळून चाललंय?"

"शहर नाही गं पळत. आपणच जागच्या हलत नाही."

हळूहळू पोस्टापर्यंतच्या फेऱ्याही थांबल्या. मी गठ्ठ्यांमागे गेले. पुढे कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याची बादली दोघी माझ्यावर ठेवू लागल्या. माझे कापड ओले होऊन लोंबले, एका कोपऱ्यात उसवले. मित्रांनो, कामाची वस्तू पडून राहिली की तिला राग येत नाही. ती फक्त वाट बघायला शिकते. मीही शिकले. रोज सकाळी थोरली डोळे मिटे, तेव्हा मीही आपली माझ्या परीने प्रार्थना करी.

मग एका हिवाळ्यात थोरलीच्या पायाला जखम झाली आणि ती भरेचना. डॉक्टरांनी पाय उंच ठेवून पडून राहायला सांगितले. उभे राहणे बंद, जिने बंद, गाडीचा प्रवास तर कायमचाच बंद. त्यांनी हे अगदी हळू आवाजात सांगितले. थोरलीने मान हलवली आणि विचारले, "हातांना काही झालं नाही ना?" तेव्हापासून ती पडद्यामागे पलंगावर असते आणि पडल्या पडल्या बटणे लावते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका वर्तमानपत्र घेऊन आले. तो झगा आता फार जीर्ण झाला होता. उजेडाने सूत तुटत होते. महिना संपला की तो अंधाऱ्या खोलीत ठेवायचा, पुन्हा कुणाला दाखवायचा नाही, असे संग्रहालयाने ठरवले होते. काकांनी वाचून दाखवले आणि मग त्यांना वाटले, वाचले नसते तर बरे झाले असते. ते चष्मा पुसू लागले.

"तू जा," थोरली म्हणाली.

"एकटी? मला काय करायचाय तो झगा? तुझाच तो नाद."

"माझाच आहे. म्हणून तर सांगतेय."

"आणि तुझ्याकडे कोण बघणार?"

"मी आहे की," काका म्हणाले. "जेवण आणीन, औषध देईन. बडबडही करीन."

"औषध चालेल," थोरली म्हणाली.

धाकटीने पडदा ओढून घेतला आणि ती इस्त्रीशी जाऊन उभी राहिली. खूप वेळ ती एकच शर्ट दाबत होती. शेवटी तिथूनच बोलली, "तू नाहीस तर मी जाणार नाही. दोघींचा बेत होता तो."

"तू गेली नाहीस," पडद्यामागून आवाज आला, "तर दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही असं होईल. ते मला सोसायचं नाही."

तेवढ्यात एक बाई मोठा गठ्ठा घेऊन आल्या. घरात समारंभ होता, उद्या संध्याकाळपर्यंत सगळे हवे होते. धाकटीने हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय ती. पण पडद्यामागून थोरली म्हणाली, "उद्या नाही मिळणार. परवाही नाही. दुकान बंद आहे." बाई चकित झाल्या. धाकटी तर तिथेच खिळली. त्या दुकानात "नाही" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो इतक्या मऊ आवाजात आला की बाई न रागावता गठ्ठा उचलून गेल्या.

धाकटी आत गेली. पलंगाच्या कडेला बसली.

"काय काय बघून यायचं, सांग."

"घाई करायची नाही," थोरली म्हणाली. "मी बसले असते तितका वेळ बसायचं. आणि मागच्या बाजूला जायचं. पुढून सगळेच बघतात. चूण कशी धरली ते मागून कळतं. वचन दे."

धाकटीने तिचा हात हातात घेतला.

मग बादली उतरली. धाकटीने माझे जुने कापड काढून टाकले आणि नवे शिवले, बोल्टला तेल दिले. तिचे टाके बारीक आहेत. मला पुन्हा नवी झाल्यासारखे वाटले, आणि आनंदाच्या आधी रडू आले. ज्या पायांसाठी मी झाले ते पाय आता माझ्याबरोबर येणार नव्हते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरातही कुणीतरी दिवसभर तुमच्यासाठी उभे असते. त्याला बसायला काहीतरी सरकवून द्या. आणि ते बसले की विचारा, तुला काय पाहायचे आहे? पाय चालते आहेत तोवर विचारा. फाटक्या तिपाईला नवे कापड लावता येते, सगळ्यांनाच लावता येते असे नाही.

आज पहाटे धाकटी उठली. तिने थोरलीच्या पायाखालची उशी सारखी केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. थोरली जागी होती, पण डोळे मिटून पडली होती, म्हणजे निरोप घ्यायला नको. काका बाहेर ओट्यावर येऊन बसले होते. त्यांनी नुसता हात हलवला. धाकटीने मला काखेत घेतले आणि दार हलकेच लोटले.

एरवी ती झपझप चालते, माझे पाय तिच्या कमरेवर आपटत राहतात. आज ती स्टेशनच्या रस्त्याला लागली ती थोरलीच्या चालीने, एकेक पाऊल टेकवत, सावकाश.