फडक्याखालचं थालीपीठ

"फडकं काढ म्हणतो ना! समदी उघडी टाक जाळीवर!"

दूध काढून आलेल्या मिलिंदनं दुकानाच्या स्वयंपाकघरात गमबुटांसकट पाऊल टाकलं आणि बायकोवर तोंड सोडलं. शशी तव्यापासून हलली नाही.

"फरशीवर चिखुल झाला. आधी बूट काढा."

"बूट काय बघतीस? ती व्हॅटवाली बाई वाटंवर हाय!"

"यू द्या की. म्या काय दरोडा घातलाय?"

सांगोल्याकडची ही दोघं. मिलिंद जोनाथन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गाईंचं बघायचा. गोठा, दुकान, शेत सगळं ट्वीड नदीच्या इंग्लंडकडच्या काठाला, आणि यांचं भाड्याचं घर पूल ओलांडून स्कॉटलंडात. वर्षापूर्वी जोनाथननं दुकानातला एक कोपरा शशीला दिला. इथल्याच बार्लीची भाजणी करून ती थालीपीठं लावायची. विकलं जाईल त्यातला अर्धा वाटा तिचा. जन्मात पहिल्यांदा बाईच्या स्वतःच्या नावावर पैसा पडत होता, आणि तो कोपरा राहतो की जातो, याचा आज निकाल होता.

घोळ असा झाला होता की जोनाथननं गल्ल्यावर सगळी थालीपीठं गार खाणं म्हणून लावली होती, बिनकराची. आणि शशी तर गार द्यायला तयारच नसायची. तव्यावरून उतरलं की थालीपीठ फडक्यात, फडकं डब्यात, वर झाकण. कुणी भिजून आलं की तेच पुन्हा तव्यावर, कडेनं लोणी सोडून. माणसाला गारढोण वाढायचं तिच्या हातून होतच नसे. असल्या बाईपुढे कायदा तरी काय करणार!

जोनाथनचे हिशेब बघणारी निवेदिता मूळची पुण्याची. ती सकाळीच मँचेस्टरहून गाडी चालवत आली होती.

"वहिनी, रूल सिंपल आहे," ती म्हणाली. "करून ठेवलं आणि आपोआप गार होतंय, तर झीरो रेट. टॅक्स नाही. पण मुद्दाम गरम ठेवलं, किंवा कस्टमरसाठी गरम करून दिलं, तर ट्वेंटी पर्सेंट. व्हॅटवाल्यांनी अख्खं वर्ष गरम धरलं, तर जोनाथनला मागचं सगळं भरावं लागेल."

"मंग तो माझा कोपरा बंद करणार."

"तसं म्हणालाय खरं."

शशीनं पिठाचा गोळा हातावर घेतला. "ह्यांच्या पगारातनं स्कॉटलंडच्या दरानं कर जातुय न्हवं? राबत्यात इंग्लंडात, तरी?"

"हो, इन्कम टॅक्सचं तसंच आहे. तुमचं घर कुठे, ते बघतात."

"घर तर माझं बी पल्याडच हाय. मंग थालीपीठ बी पल्याड नेऊन इकलं तर?"

निवेदिताला एवढ्या ताणातही हसू आलं. "नाही हो. व्हॅट दोन्हीकडे सेम. तिथे तुमचं घर नाही बघत, थालीपीठ बघतात."

"मुडदा बशिवला त्या कराचा! माणूस निजतंय कुठं ते एकानं बघायचं, आन् घास ऊन का गार ते दुसऱ्यानं."

"त्वांड आवर," मिलिंद करवादला. "ती आली की एकच सांगायचं. आमी गारच देतो. बस्स."

पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता. नदी तांबूस गढूळ होऊन काठाच्या कुरणात शिरत होती, आणि टेकड्यांवरचा वारा दार ढकलत होता. त्या पावसातून राखाडी कोटातली व्हॅटची बाई आत आली. आवाज मऊ, पण नजर सगळीकडे फिरणारी. तिनं डब्याचं झाकण काढलं, फडक्याला हात लावला आणि विचारलं, हे गरम ठेवायला का?

"वाफ शोषायला," निवेदिता तिला इंग्रजीत म्हणाली. "नाहीतर पाणी सुटून चिवट होतात."

हे अगदी खरं होतं. शशीनं मान हलवली. गल्ल्याशी उभ्या जोनाथनचे खांदे जरा सैल झाले.

"आणि पुन्हा गरम करून देता का?" बाईनं थेट शशीला विचारलं.

एवढं इंग्रजी शशीला कळत होतं. ती तोंड उघडणार, तोच दार वाजलं आणि शेजारचा म्हातारा मेंढपाळ अँगस आत आला. पाणी कुरणात शिरलं म्हणून तो उजाडल्यापासून एकटाच मेंढ्या वर हाकत होता. टोपीतून पाणी गळत होतं, बोटं निळी पडली होती. त्यानं काउंटरवर कशीबशी नाणी टाकली.

"नेहमीचं दे, पोरी."

मिलिंद शशीच्या मागं सरकला.

"शशे, गार दे. डब्यातलं तसंच दे. तुज्या पाया पडतो."

गार थालीपीठ दिलं तर कोपरा राहत होता. म्हातारा काही बोलला नसता, मुकाट्यानं खाऊन गेला असता. तिनं डब्यातलं थालीपीठ उचललं, कागदावर ठेवलं. मग त्या निळ्या बोटांकडे तिची नजर गेली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं थालीपीठ तव्यावर टाकलं.

लोणी चरचरलं. निवेदितानं डोळे मिटले.

अँगसच्या हातात ऊन थालीपीठ देऊन शशी त्या बाईकडे वळली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगून टाकलं, भिजून येईल त्याला मी गरम करून देते. कोरडा येईल तो असंच नेतो. तुम्ही उभ्या आहात म्हणून आज खोटं वागायला मला जमायचं नाही.

बाईनं खोदून खोदून विचारलं. पावसात किती जातात, उन्हाळ्यात किती, आणि शशीनं एकही आकडा लपवला नाही. शेवटी बाई जोनाथनला म्हणाली, सगळी थालीपीठं गरम धरता येणार नाहीत. पुन्हा तव्यावर गेलेली तेवढी कराची. मागच्या वर्षाचा अंदाज काढावा लागेल, आणि यापुढं दोन्हींची नोंद वेगळी.

ती गेल्यावर जोनाथननं हनुवटी खाजवली. कोपरा ठेवीन, तो म्हणाला, पण मागचा कर शशीच्या वाट्यातून. वसंतात मेंढ्या वितील तोवर तिच्या हाती काही पडायचं नाही. निवेदिता त्याच्याशी भांडभांड भांडली, पण तो हटला नाही. मग गल्ल्यावर गरमचं आणि गारचं अशी दोन बटणं लावून देऊन ती निघून गेली.

"एका थालीपिठापायी अख्खा हिवाळा फुकट राबणार तू!" मिलिंद ओरडला आणि दार आपटून गोठ्याकडे गेला. शशीला रडू येत होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

दुपारच्या धारा काढून तो परत आला, तेव्हा दुकान रिकामं होतं. गमबूट त्यानं दाराबाहेर काढले आणि नुसत्या मोज्यांवर काउंटरसमोर येऊन उभा राहिला, गिऱ्हाइकाच्या बाजूला.

"एक दे."

"ऊन का गार?"

"ऊन."

तिनं तव्यावर टाकलं, जरा जास्तच लोणी सोडलं. मिलिंदनं खिशातून नाणी काढून मोजली, त्यावर करापुरती आणखी ठेवली.

"अवो, घरच्यावर कसला कर?"

"दुकान हाय न्हवं तुजं? घे मुकाट्यानं."

शशीनं लोण्याची बोटं एप्रनला पुसली आणि गरमचं बटण दाबलं.